आधी पाणी, मग वाफ

डिसेंबरची सकाळ. सात वाजलेत. मूल शहर मागे टाकून सावलीच्या रस्त्याला लागलं की राईस मिलच्या चिमण्या एकामागून एक दिसायला लागतात. त्यातल्या एका मिलच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग आहे. रांगेच्या शेपटाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ताडपत्र्यांवर दव साचलंय, दोरीच्या गाठींमधून थेंब थेंब गळतंय. वजनकाट्याच्या बाजूला काटक्यांची शेकोटी पेटलीय. तिच्याभोवती ड्रायव्हर, क्लीनर, हमाल उकिडवे बसलेत.

ट्रकवाले वैनगंगा ओलांडून आलेत. कोणी कुरखेड्याहून, कोणी कोरचीहून. ट्रॉल्या जवळपासच्या गावांतल्या, पण त्याच मागे राहिल्यात. वाघाच्या भीतीने उजाडल्याशिवाय जंगलातला रस्ता कोणी धरत नाही. एक म्हातारा शेतकरी ट्रॉलीतल्या पोत्यांवर घोंगडी पांघरून बसलाय.

‘कधी लागन नंबर?’ तो वरूनच विचारतो.

‘ड्रायर सुरू झाला का लागन, बाबा,’ मुनीम खालून सांगतो.

चिमणीतून धूर निघतोय. म्हणजे बॉयलर पेटलाय. पण ड्रायरच्या पंख्यांचा घोंगावणारा आवाज अजून नाही. रांग त्या आवाजाची वाट पाहतेय.

फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा वास येतो. भिजलेल्या धानाचा, किंचित आंबूस, गरम. इथे अरवा म्हणजे कच्चा नाही, उष्णा म्हणजे उकडा तांदूळ तयार होतो. या झाडीपट्टीतल्या घरांत तो कमी शिजतो. त्याचं गिऱ्हाईक दक्षिणेत आहे, बंगाल-ओडिशात आहे. त्यासाठी ठोकळ धान लागतं. उंच पोलादी हौदांत ते 65 ते 70 अंशांच्या पाण्यात चार-पाच तास भिजतं. मग पाणी सोडून देतात आणि त्याच धानावर वाफ मारतात. दाण्याच्या आतला पिठूळ भाग शिजून घट्ट होतो, भरडताना तुकडा कमी पडतो. सरकारी भरडाईच्या हिशेबातही हा फरक धरलेला आहे. एका क्विंटल धानामागे अरवा 67 किलो, उष्णा 68 किलो.

आवारात चार बाया खराटे घेऊन सांडलेलं धान लोटतायत. पदर डोक्यावरून, नाकावरून घट्ट बांधलेला. कंपाउंडच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर चिकटवलंय. मंडईचा म्हणजे गावजत्रांचा मोसम आहे, रात्र रात्र नाटकं चालतात. भुशाच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या पोराचे डोळे लाल आहेत. धुरामुळे की जागरणामुळे, सांगता येत नाही.

बॉयलरघरात शिरल्यावर अंगावरची शाल काढावी लागते. दाराच्या आत दोन पावलांवर थंडी संपते. वरच्या हॉपरमधून भुसा सरसर उतरतोय आणि भट्टीत पडता पडताच पेट घेतोय. झरोक्यातून आत पाहिलं तर डोळे मिटतात. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हा भुसा असतो. म्हणून या भागातल्या मिलला कोळशाचं तोंड पाहावं लागत नाही, कोळशाच्या खाणी याच जिल्ह्यात असूनही. खाली राखेचा ढीग आहे. पांढुरकी, हलकी राख. तिच्यात बहुतेक सगळी सिलिका असते. फुंकर मारली तर उडते आणि पापण्यांवर बसते.

भिंतीवर बॉयलरचा दाखला काचेच्या चौकटीत लावलाय. बॉयलरचा कायदा 1923 सालचा. 2025 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. निरीक्षक येतो, बॉयलर आतून-बाहेरून तपासतो, दाब लावून बघतो, मगच दाखल्याची मुदत वाढते. हे योग्यच आहे. पण वाफ बॉयलरमधून निघून ड्रायरमध्ये गेल्यावर तिचं पाणी होतं. त्या पाण्याची वाट मोकळी आहे की तुंबलेली, हे पाहायची तारीख कुठल्याही चौकटीत लावलेली नसते. ते पाहणारा माणूस मिलमध्ये असला तर असतो.

इथे तो आहे. साठीला टेकलेले मिस्त्री. खाकी पँट, अंगात जुना स्वेटर, हातात पाना, वरच्या खिशात लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. ते दाबाच्या घड्याळाकडे पाहतायत. काटा चौरस सेंटीमीटरला सात किलोवर आहे. सात किलो म्हणजे बॉयलरमधली वाफ 170 अंशांना आलेली. ड्रायरला ती तीन किलो दाबानेच द्यायची आहे, 143 अंशांची. मध्ये दाब उतरवणारा व्हॉल्व्ह आहे.

‘सोडू का?’ फायरमन विचारतो. त्याचा हात मुख्य व्हॉल्व्हच्या चाकावर आहे. बाहेर रांग आहे, हौदात शिजलेलं धान आहे. ओलं धान जास्त वेळ तसंच पडलं तर रंग चढतो, वास लागतो आणि भाव उतरतो. घाई सगळ्यांनाच आहे.

‘थांब,’ मिस्त्री म्हणतात. ‘आदी पानी काढा, मंग वाफ सोडा.’

रविवारची सुट्टी होती. शनिवारी रात्रीपासून ड्रायरची लाईन थंड आहे. बॉयलर मध्यरात्री पेटला तो हौदांसाठी. ड्रायरकडे जाणारा पाईप तेव्हापासून असाच पडून आहे, बाहेरच्या थंडीत गारठलेला. त्यात आता गरम वाफ सोडली की पहिली काही मिनिटं ती पाईपच तापवणार. लोखंडाला उष्णता देऊन तिचं पाणी होणार. दिवसभरात सगळ्यात जास्त पाणी होतं ते याच वेळी.

मिस्त्री पाईपच्या खालच्या बाजूने चालतात. जिथे पाईप वळतो, जिथे वर चढतो, तिथे खाली एक आखूड नळी उतरलीय. तिच्या तोंडाशी छोटा व्हॉल्व्ह. एकेक करून ते सगळे उघडतात. फायरमन चाक पाव फेरा फिरवतो. फक्त पाव. सुरुवातीला काहीच होत नाही. मग पहिल्या नळीतून फुसफुस हवा येते. मग गंजाचं तपकिरी पाणी, थुंकत थुंकत. मग स्वच्छ पाण्याची धार. जमिनीवर पडताच तिच्यातून धूर उठतो. आम्ही मागे सरकतो.

दहा मिनिटं अशीच जातात. कोणी बोलत नाही. बाहेरून एका ट्रकचा हॉर्न येतो, लांबलचक. मिस्त्री तिकडे बघतही नाहीत.

तेवढ्यात डोक्यावर टण्ण असा आवाज होतो. पाईप हादरतो. लटकणाऱ्या सळईवरची धूळ खाली पडते. पुन्हा टण्ण. फायरमन चाक लगेच बंद करतो. त्याला सांगावं लागत नाही.

पाईपला कुठेतरी झोळ आलाय. आधाराची एक कडी सुटलीय, तेवढ्यात पाणी साचून राहिलंय. वाफ पाईपमधून सेकंदाला 25-30 मीटरने धावते. तिच्या वाटेत पाणी पडलं की ती ते ढकलत नेते आणि पुढच्या वळणावर आपटते. पाणी दाबून लहान होत नाही. सगळा मार बेंडला, फ्लँजला, व्हॉल्व्हला बसतो. पॅकिंग फाटतं, बिडाचा व्हॉल्व्ह तडकतो. उभ्या माणसाच्या अंगावर उकळतं पाणी आणि वाफ येते. हे अपघात बॉयलर फुटून होत नाहीत. चार इंचाच्या पाईपमधल्या बादलीभर पाण्याने होतात.

मिस्त्री सुटलेल्या कडीखाली तात्पुरता लाकडी ठोकळा सरकवतात. झोळ निघतो. पाईपच्या पोटातून आणखी थोडं पाणी घरंगळत नळीकडे येतं आणि बाहेर पडतं. मग पुन्हा पाव फेरा. मग अर्धा. आता आवाज नाही. नळ्यांच्या तोंडून कोरडी वाफ यायला लागते. ती अगदी तोंडाशी दिसत नाही, चार बोटांवर गेल्यावर पांढरी होते. मिस्त्री एकेक व्हॉल्व्ह बंद करत परत येतात.

ड्रायरचं शेड उंच आहे, चार मजली. तीन ड्रायर ओळीने उभे. वरून ओलं धान पडतं, आतल्या आडव्या पन्हाळ्यांमधून वाकडंतिकडं खाली येतं, बाजूने गरम हवा घुसते. खालून बादल्यांचा पट्टा तेच धान पुन्हा वर नेतो. पंखे सुरू होतात. त्या घोंगाटात कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. हौदातून आलेल्या धानात 35 टक्क्यांपर्यंत ओल असते, भरडायला ती 14 टक्क्यांवर यावी लागते. म्हणजे क्विंटलमागे जवळपास 24 किलो पाणी हवेत उडवायचं. तेही सावकाश, नाही तर दाण्याला चीर पडते.

प्रत्येक पंख्याच्या तोंडाशी रेडिएटर आहे. उभ्या चौकटीत आडव्या नळ्यांच्या ओळी, प्रत्येक नळीभोवती पातळ पत्र्याच्या चकत्या. नळ्यांच्या आत वाफ, बाहेरून हवा. यालाच हिट एक्स्चेंजर म्हणायचं. बाहेरची 15 अंशांची हवा यातून जाते आणि 90 अंशांची होऊन धानात शिरते. निदान तशी शिरायला हवी.

पहिल्या ड्रायरचं तापमान चढतंय. 60, 70, 78. दुसऱ्याचं 52 वर अडकलंय. वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, दाब बरोबर आहे, पंखा फिरतोय. तरी 52.

मिस्त्री कंबरेचं फडकं बादलीत बुडवतात आणि रेडिएटरच्या वरच्या नळ्यांवर झटकतात. चर्र. थेंब पडल्या जागी उडून जातात. मधल्या ओळींवर झटकतात. चर्र. मग खालच्या ओळींवर. तिथे आवाज येत नाही. थेंब चकत्यांवर तसेच बसून राहतात, ओघळतात, खाली टपकतात. मी वाकून पाहतो. खालच्या चार ओळी नुसत्या कोमट आहेत. हात लावून ठेवता येतो. त्याच्या वीतभर वर हात नेला तर भाजेल.

रेडिएटर खालून पाण्याने भरलाय. वरून वाफ येतेय, पण खालच्या नळ्यांत तिला जागाच नाही.

वाफेचं बळ कशात आहे, ते इथे उघड दिसतं. तीन किलोची वाफ पाणी होताना किलोमागे 510 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता टाकते, आणि ती टाकताना तिचं तापमान उतरत नाही. मागे राहिलेल्या पाण्याकडून तेवढी उष्णता काढायची तर काढता येत नाही. ते नुसतं थंड होत जातं. त्यात पाण्यातून उष्णता पुढे सरकते ती फार हळू. पोलादाच्या तुलनेत पाणी या कामात सुमारे 80 पट मागे आहे. नळीची भिंत कितीही चांगली घ्या, तिच्या आत पाणी उभं राहिलं की ती वाफेपासून तुटते. आणि हिशेब साधा आहे. जितके किलो वाफ आत गेली, तितके किलो पाणी बाहेर यायला हवं. तासाला टनभर वाफ घेणाऱ्या ड्रायरखालून तासाला हजार लिटर पाणी निघालं पाहिजे, न चुकता, दर मिनिटाला.

ते काढायचं काम करणारं भांडं रेडिएटरच्या खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. स्टीम ट्रॅप. दोन ओंजळींत मावेल एवढं बिडाचं भांडं, वर राखेचा थर. त्याच्या आत पोलादी पोकळ गोळा आहे. घराच्या गच्चीवरच्या टाकीत गोळा वर आला की पाणी बंद होतं. इथे त्याच्या उलट. पाणी साचलं की गोळा वर येतो आणि खालचं भोक उघडतो. पाणी गेलं की गोळा खाली बसतो आणि भोक बंद. ते भोक कायम पाण्याखाली राहतं, म्हणून वाफ त्याच्यापर्यंत पोचत नाही. वरच्या कोपऱ्यात आणखी एक छोटी झडप असते, ती हवा सोडते. रात्रभर थंड पडलेल्या रेडिएटरमध्ये हवा भरलेली असते. ती निघाली नाही तर वाफ आतच येत नाही. पाणी जाऊ द्यायचं, हवा जाऊ द्यायची, वाफ अडवायची. एवढंच काम, पण ते माणूस हाताने करू शकत नाही.

मिस्त्री खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढतात. टोक ट्रॅपच्या झाकणावर, मूठ कानाला. डोळे मिटतात. मग मला देतात. मी ऐकतो. पंख्यांची थरथर येते, दुसरं काही नाही. पहिल्या ड्रायरच्या ट्रॅपला टोक लावलं तर पाणी वाहण्याची सळसळ स्पष्ट कानात शिरते. इकडे सगळं मुकं आहे.

‘जाळी चोंदली,’ मिस्त्री म्हणतात.

ट्रॅपच्या आधी एक स्ट्रेनर असतो. व्हॉल्व्ह बंद करून दाब सोडतात, वाट पाहतात, मग पाना लावतात. जाळी बाहेर येते. बोटभर लांबीची नळकांडी. तिच्यात काळा-तांबूस चिखल गच्च बसलाय, गंजाचे पापुद्रे, वेल्डिंगचा एक दाणा, टेफ्लॉनच्या फितीचा चोथा. मिस्त्री ती दगडावर आपटतात, तारेच्या ब्रशने घासतात, उजेडात धरतात. भोकांमधून शेडच्या दाराचा उजेड दिसायला लागतो. परत बसवतात. व्हॉल्व्ह उघडतात.

आता ट्रॅपच्या पलीकडचा पाईप गरम होतोय. हात जवळ नेला तरी कळतं. घड्याळाचा काटा हलतो. 55. 61. 70. खालच्या ओळींवर फडकं झटकलं की चर्र. पंधरा मिनिटांत दुसरा ड्रायर 88 वर येतो. नवीन काहीच आणलेलं नाही. चिमूटभर चिखल काढलाय.

हा गंज येतो कुठून, ते मिस्त्रींना चांगलं ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार बॉयलरमध्ये तापले की त्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वाफेबरोबर पुढे जातो आणि पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतो. पाईपच्या तळाशी पाणी वाहतं, तिथे ते आम्ल लोखंड खातं. कापून पाहिलं तर वरचा अर्धा भाग शाबूत आणि तळाला लांबच लांब चर. ज्या पाईपमध्ये पाणी साचून राहतं तिथे चर लवकर पडतो. तुंबलेलं पाणी तापमान तर खातंच, नळ्याही खातं.

तिसऱ्या ड्रायरची गोष्ट वेगळी आहे, आणि जास्त अवघड.

त्याचं तापमान सुरुवातीला झरझर चढतं. 90 ला पोचतं. तिथे वाफेवर बसवलेला आपोआप चालणारा व्हॉल्व्ह मिटायला लागतो, कारण हवं तेवढं तापमान झालंय. पाच मिनिटांत आकडा पडायला लागतो. 84, 77, 70. व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. आत धडधड होते, दोन-तीन ठोके, रेडिएटरची चौकट थरथरते. आकडा चढतो. 90. पुन्हा पडतो. दिवसभर हे असंच चालतं. धान कधी जास्त तापतं, कधी कमी.

ट्रॅप ठीक आहे. जाळी साफ आहे. मिस्त्री मला पाईपचा मागोवा घ्यायला लावतात. ट्रॅपमधून निघालेला पाईप भिंतीला लागून वर चढतो, चार मीटर उंचीवरून शेड ओलांडतो आणि बॉयलरघराच्या माथ्यावरच्या टाकीकडे जातो. कोणीतरी कधीतरी तो तसा नेलाय, कारण खालून ट्रक जायला जागा हवी होती.

पाणी चार मीटर वर चढवायला मागे किमान 0.4 किलो दाब लागतो, शिवाय पाईपमधल्या घर्षणाचा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो तेव्हा रेडिएटरमध्ये तीन किलो दाब असतो. पाणी मजेत वर चढतं. व्हॉल्व्ह मिटला की आतला दाब उतरतो. एक किलो, अर्धा किलो, शून्य. वाफेचं पाणी होताना तिचं आकारमान हजार-दीड हजार पटींनी आक्रसतं, त्यामुळे कधी कधी दाब शून्याच्याही खाली जातो. आता ट्रॅप उघडा असला तरी पाणी जाणार कसं? मागून ढकलणारं कोणी नाही, पुढे चार मीटरचा चढ आहे. पाणी जागीच राहतं. रेडिएटर भरतो, तापमान पडतं, व्हॉल्व्ह उघडतो, वाफ त्या पाण्यावर आदळते. ठोके तेव्हाचे.

यावर बहुतेक मिलमध्ये एकच तोडगा दिसतो, आणि तो इथेही आहे. ट्रॅपला वळसा घालणारा बायपास व्हॉल्व्ह कायमचा थोडा उघडा ठेवायचा आणि त्याचं तोंड गटारात सोडायचं. पाणी निघून जातं. त्याच्याबरोबर वाफही निघून जाते. तीन मिलीमीटरच्या भोकातून तीन किलो दाबाला तासाला 12 ते 15 किलो वाफ जाते. चोवीस तास चाललं तर दिवसाला एक क्विंटलच्या आसपास भुसा त्या भोकातून गेला.

मी शेडच्या मागच्या दाराने बाहेर येतो. मागे उघडं गटार आहे. त्यावर पांढरा ढग उभा आहे, माणसाहून उंच, थंडीत जास्तच दाट. मिलमधलं दाबाखालचं गरम पाणी उघड्यावर आलं की त्यातलं काही तत्काळ पुन्हा वाफ होतं. तीन किलोवरून आलं तर शंभरातलं आठ किलो. हा ढग म्हणजे ते आठ किलो. उरलेलं उकळतं पाणी गटारातून वाहतंय. वीस पावलांवर ते हात घालता येईल इतकं निवतं. झाडलोट करणाऱ्या बाया तिथे आल्यात, थंडीने फुटलेले हात त्यात बुडवून बसल्यात. एक जण चेहरा धुते. त्यांच्यासाठी सकाळची एवढीच ऊब आहे आणि ती त्यांनी घ्यावीच. पण मिलसाठी तो ढग आणि ते पाणी मिळून वाफेत घातलेल्या उष्णतेचा जवळपास पाचवा हिस्सा आहे.

शिवाय ते पाणी शुद्ध आहे. वाफेचं झालेलं, क्षार नसलेलं. शंभर पावलांवर सॉफ्टनरची टाकी उभी आहे, बाजूला मिठाच्या गोण्या. बोअरचं जड पाणी मऊ करायला पैसे मोजायचे आणि मऊ झालेलं गटारात सोडायचं, हे मला पटत नाही. याच जमिनीत मे महिन्यात 46-47 अंशांच्या उन्हात बोअर खोल जातात आणि गावातल्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात.

याच जिल्ह्यात, चंद्रपूरजवळच्या 2920 मेगावॅटच्या वीजकेंद्रात वाफेचं पाणी असं कोणी सोडत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ निववून तिचं पाणी करायचं आणि पंपाने परत बॉयलरकडे पाठवायचं, त्या केंद्राचा सगळा कारभारच या फेऱ्यावर उभा असतो. कागदाच्या यंत्रातही तेच. तिथे वाफेने तापवलेले मोठे रूळ गरागरा फिरतात, आतलं पाणी वेगामुळे रुळाच्या आतल्या अंगाला कड्यासारखं चिकटून फिरत राहतं. ते शोषून काढायला आत सायफनची नळी घालतात आणि दाबातला फरक सांभाळत बसतात. पाण्याची कडी जाड झाली की कागद ओला निघतो. मोठ्या कारखान्यात यासाठी वेगळी माणसं असतात. राईस मिलमध्ये एक मिस्त्री असतो.

मी परत शेडमध्ये येतो. मिस्त्री पहिल्या ड्रायरकडे बोट दाखवतात. त्याचं पाणी गटारात जात नाही. ट्रॅपमधून निघालेला पाईप उताराने खाली येतो आणि जमिनीत खणलेल्या खड्ड्यातल्या एका छोट्या टाकीत पडतो. टाकीला वर उघडी नळी आहे, म्हणजे आत दाब साचत नाही. रेडिएटरमध्ये तीन किलो असो की शून्य, पाणी आपल्या वजनाने खाली येतंच. टाकी भरली की पंप सुरू होतो आणि पाणी वरच्या टाकीत टाकतो. रेडिएटरच्या माथ्यावर एक छोटी झडप आहे, आतला दाब शून्याखाली जाऊ लागला की ती बाहेरची हवा आत घेते, म्हणजे पाणी अडकत नाही. मागच्या पावसाळ्यात हे काम झालं. पंप टाकीपेक्षा खाली बसवलाय, कारण पाणी उकळीच्या जवळ असतं. वरून पुरेसा भार नसला तर पंपाच्या तोंडातच त्याची वाफ होते आणि पंप पाणी धरत नाही.

पहिल्या ड्रायरचं तापमान मी मघापासून पाहतोय. 90. 89. 90. 91. ठोके नाहीत.

बॉयलरघराच्या माथ्यावरच्या टाकीला तापमापक लावलाय. आज तो 45 दाखवतोय. तीनपैकी एकाच ड्रायरचं सगळं पाणी परत येतंय, बाकीचं बहुतेक बोअरचं. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम असलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. हा ठोकताळा बॉयलरवाले सर्रास वापरतात. 25 अंशांच्या पाण्याऐवजी 85 अंशांचं दिलं तर दहा टक्के. तासाला टनभर भुसा जाळणाऱ्या बॉयलरला तासाला एक क्विंटल. भुसा फुकट आहे असं मिलमध्ये बरेच जण म्हणतात. तो फुकट नाही, वीटभट्टीवाले तो पैसे देऊन नेतात.

साडेनऊ वाजतात. तिन्ही ड्रायर चालू आहेत. तिसरा अधूनमधून धडधडतोय. हौद रिकामा होतो, पुढचं धान भिजत घालायला जागा होते. मुनीम फाटकाकडे हात करतो. पहिला ट्रक गचका देऊन काट्यावर येतो. मागचे सगळे एकेक ट्रकभर सरकतात. हमाल पाठीवर पोतं घेतात, पळत येतात, पळत जातात. घोंगडीतला म्हातारा ट्रॉलीवरून उतरलाय, पाय मोकळे करतोय. त्याचा नंबर दुपारनंतर लागेल.

शेठ येतात. मिस्त्री त्यांना तिसऱ्या ड्रायरपाशी नेतात. दोघं वर चढलेल्या पाईपकडे पाहतात. मिस्त्री हाताने उतार दाखवतात, खड्ड्याची जागा पायाने आखतात. शेठ मान हलवतात, खर्च विचारतात. मिस्त्री आधी भोकातून जाणाऱ्या भुशाचा हिशेब सांगतात, मग खर्चाचा. त्या दोघांचं बोलणं पंख्यांच्या आवाजात मला अर्धंच ऐकू येतं.

मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा, आरमोरी. या पट्ट्यात जिथे जिथे वाफेवर धान वाळतं, तिथल्या मिलमालकांना माझं सांगणं आहे. पावसाळ्यात मिल थंड असते तेव्हा बॉयलरच्या तपासणीबरोबर चार कामं करून घ्या. प्रत्येक ट्रॅप उघडून पाहा आणि त्याची जाळी धुवा. पाईपचे झोळ काढा. ट्रॅपनंतर वर चढणारा पाईप असेल तर तो खाली उतरवून टाकी आणि पंप बसवा. बायपास बंद करून त्याच्या चाकाला कुलूप लावा. तापमान चढत नाही म्हणून मोठ्या बॉयलरची चौकशी करण्याआधी एक ओलं फडकं घेऊन रेडिएटरच्या खालच्या ओळीवर झटका. चर्र झालं नाही, तर बॉयलर पुरेसा आहे, पाणी अडलंय.